तीन तळी, एक शिक्का

सोमवार, ८ डिसेंबर २०२५

ही वही मृणालिनीने आणून दिली. म्हणाली, "अहो, तीच काळजी मला दिवसातून चार वेळा सांगता. त्यापेक्षा लिहून काढा, म्हणजे मला एकदाच ऐकावी लागेल." म्हणून लिहितो आहे.

काळजी अशी. ९ एप्रिलला मला साठ पूर्ण होतात. इथे दुबईत आमच्या कंपनीत साठीला माणूस आपोआप निवृत्त होतो. पुढे ठेवायचा असेल तर एकेका वर्षाची मुदतवाढ देतात, तीही विभागप्रमुखाने शिफारस केली तर. विभागप्रमुख म्हणजे अनिल सर. वय एक्केचाळीस, गाव त्रिचूर, पोट नाही. मुदतवाढ मिळाली नाही तर माझा व्हिसा रद्द, आणि माझ्या व्हिसावर मृणालिनी आणि अस्मिता. अस्मिता अकरावीत आहे. बालवाडीपासून एकाच शाळेत. तिची बारावी याच शाळेत, याच मैत्रिणींबरोबर व्हावी, एवढंच मला हवं आहे. एक वर्ष. जास्त मागत नाही.

अस्मिताला यातलं काही कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. तिच्यासमोर विषय निघालाच तर आम्ही शुद्ध मराठीत बोलतो. मुदतवाढ, सेवानिवृत्ती, शिफारस. ती उत्तरं इंग्रजीत देते, त्यामुळे हे शब्द तिला कळण्याचा प्रश्नच नाही.

ऑफिस नेहमीसारखं. मी डॉक्युमेंट कंट्रोलर. कंपनीतला प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जातो. कागदावर नोंदणीचा नंबर असला तर पुढे, नसला तर 'रिजेक्टेड'चा लाल शिक्का मारून परत. आत काय लिहिलं आहे ते वाचणं माझं काम नाही. मजकूर वाचत बसलो तर दिवसाला दीडशे कागद कसे उरकतील? आज त्रेचाळीस परत पाठवले. त्यात एक पर्सोनेल विभागाचा होता. इतक्या वर्षांत त्या लोकांना शिस्त म्हणून लागलेली नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

पर्सोनेलचा तोच कागद पुन्हा आला. जसाच्या तसा, नंबराशिवाय. अशा वेळी माझं डोकं फिरतं. शिक्का मारला, सही केली, आणि खाली लाल शाईने ठळक अक्षरात लिहिलं, 'प्लीज डू नॉट सेंड अगेन.' सत्तावीस वर्षांत एवढं कडक मी कुणाला लिहिलं नव्हतं. फार बरं वाटलं.

मुदतवाढीबद्दल मात्र वरून काहीच हालचाल नाही. मी तोंडाने विचारणार नाही. विचारलं की माणूस गरजू दिसतो.

बुधवार, १७ डिसेंबर

आज अनिल सर स्वतः माझ्या टेबलाशी आले. एरवी ते फोन करतात. खुर्ची ओढून बसले आणि आजाऱ्याच्या खाटेशी बसल्यासारख्या आवाजात म्हणाले, "दत्ताजी, ट्वेंटी सेव्हन इयर्स! इतने साल में इधर क्या देखना बाकी रह गया?"

मी म्हटलं, "सर, दुबई का तो सब देखा. लेकिन उधर हत्ता में पहाड के बीच में तलाव है बोलते हैं. वो रह गया."

"लेक्स," ते म्हणाले आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "कुछ करते हैं."

दुपारी मेल आला. शनिवार, १७ जानेवारी. सगळ्या विभागाची हत्ताला सायकल सहल. एका दिवसात तीन तळी, अडतीस किलोमीटर. शेवटची ओळ: 'ऑल आर वेलकम. दत्ताजी इज अ मस्ट.'

माझ्या एकट्याच्या नावापुढे 'मस्ट'. घरी येईपर्यंत माझ्या सगळं लक्षात आलं होतं. ही परीक्षा आहे. साठीच्या माणसाला आणखी एक वर्ष ठेवायचं तर त्याच्यात दम किती उरलाय हे बघायला नको? अनिल सर स्वतः दर शनिवारी ते घट्ट कपडे घालून शंभर किलोमीटर मारतात. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे दोन मांड्या आणि हृदयाचे ठोके.

मृणालिनी म्हणाली, "अहो, तुम्ही तळी राहिली म्हणालात म्हणून काढली असेल त्या बिचाऱ्याने सहल."

ऑफिसातले डावपेच घरात बसून कळत नाहीत.

रविवार, २१ डिसेंबर

बर दुबईत मीना बाजाराच्या मागे हमदुल्लाचं सायकलचं दुकान आहे. माणूस पेशावरचा, हात काळे, बोलणं गोड. त्याने विचारलं, "चाचा, आखरी बार कब चलाया?"

"एकोणीससौ शहाऐंशी. पुना में."

तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि सगळ्यात जाड टायरची सायकल काढून आणली. एकवीस गिअर. दोन्ही चाकांना मधोमध एकेक लखलखीत पोलादी चकती आहे, चकलीच्या सोऱ्यातल्या ताटलीसारखी भोकं असलेली. हमदुल्ला म्हणाला हा ब्रेक. आमच्या वेळी ब्रेकला रबर असायचं.

पुण्यात मी सात वर्षं सायकल हाणली आहे, एका हातात डबा आणि कॅरिअरवर मित्र. सायकल चालवायला माणूस विसरत नाही म्हणतात. खरं आहे, माणूस विसरत नाही, गुडघे विसरतात. तिसऱ्या मिनिटाला मी एका दुकानासमोरच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर होतो. दुकानदाराने आधी गठ्ठे तपासले, मग मला.

अल मनखूलला घरी आणली तेव्हा अस्मिताने पार्किंगमध्येच माझा सायकलसकट फोटो काढला. "बाबा, यू लुक सो क्यूट!" हल्ली ती सारखी फोटो काढते. मैत्रिणींचे, शाळेच्या बसचे, समोरच्या किराणावाल्याचे, आमच्या लिफ्टचेसुद्धा. लिफ्टमध्ये फोटो काढण्यासारखं काय आहे?

शनिवार, ३ जानेवारी २०२६

रोज सकाळी क्रीकच्या काठाने जातो. आता पडत नाही. उतरताना मात्र अजून थोडा विचार करावा लागतो.

ऑफिसात एक सुखद गोष्ट घडते आहे. एस्टिमेशनमधली रंजिता, नागपूरची, पंधरा दिवस माझ्या शेजारच्या टेबलावर बसायला आली आहे. अनिल सरांनीच पाठवली. "सर, तुमची ती नंबरिंग सिस्टिम मला पूर्ण समजावून सांगा ना." वही घेऊन बसते. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला माझ्या कामात रस वाटला. मी तिला सगळं सांगतो आहे, काही हातचं राखत नाही. बिचारीला फारसं कळत नाही, पण चिकाटी आहे. काल तर म्हणाली, "सर, तुमच्यानंतर हे कोण सांभाळणार हो?" आणि तिचा चेहरा एकदम रडवेला झाला. मी म्हटलं, अगं, मी कुठे जातोय.

सहलीच्या यादीसाठी म्हणून माझं पूर्ण नाव इंग्रजीत आणि कंपनीत लागलो ते साल लिहून घेतलं. बाकी कुणाचंच घेतलं नाही. मी दार ढकलून आत गेलो की लोक बोलायचे थांबतात. पैजा लागल्या असणार, म्हातारा किती किलोमीटरला बसतो यावर.

अस्मिताने तिची रंगपेटी आणि ब्रश शेजारच्या छोट्या रेयांशला देऊन टाकले. आता अभ्यास वाढणार म्हणाली. शहाणी आहे पोर. डोळे मात्र लाल दिसतात. ॲलर्जी आहे म्हणते. धुळीची असेल.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. मृणालिनीने सायकलची पूजा काढली. "नवीन वाहन आहे, डोंगरात न्यायचं आहे, तशीच नेणार का?" तेही खरंच. पार्किंगमध्ये नारळ फोडायला वॉचमन देईना, तो घरी ओट्यावर फोडून आणला. दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. हँडलला झेंडूची माळ. मग मी स्वस्तिक काढायला बसलो. पाण्यातलं कुंकू पसरायला लागलं, तेव्हा मृणालिनी म्हणाली, "खोबरेल तेलात कालवा, म्हणजे हत्तापर्यंत टिकेल." जागा शोधायला लागलीच नाही. ती लखलखीत चकती जणू त्यासाठीच केलेली. पुढच्या चकतीवर स्वस्तिक, मागच्या चकतीवर श्री. उरलेलं तेल वाया कशाला घालवा, म्हणून बोटाने सगळीकडे पुसून घेतलं. फार शोभून दिसतं आहे.

ऑफिसात तिळगूळ नेला. अनिल सरांनी दोन वड्या घेतल्या आणि माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. नाडी बघत होते की काय?

शुक्रवार, १६ जानेवारी

फोनमध्ये उद्याचं हवामान बघितलं. सकाळी धुकं, मग ऊन, मग वारा आणि धूळ, दुपारी पाऊस, क्वचित गारा. एवढे सगळे पर्याय सांगायचे असतील तर हवामान खातं मीही चालवीन.

टायरची हवा तीन वेळा तपासली. अस्मिता शाळेतून उशिरा आली आणि सरळ खोलीत गेली. मी हाक मारून विचारणार होतो, पण तेवढ्यात हेल्मेटचा पट्टा अडकला.

खरं सांगायचं तर भीती वाटते आहे. पडण्याची नाही. उद्या संध्याकाळी अनिल सरांनी नुसती मान हलवली, तर या पोरीला काय सांगू?

रविवार, १८ जानेवारी

काल परत आल्यावर हाताला पेन धरवेना, म्हणून आज लिहितो. आजही अक्षर वाकडं येतं आहे.

पहाटे पाचला बारा माणसं मिनीबसमधून निघालो. मागे हमदुल्लाचा पिकअप, त्यात सायकली. माझ्याच ओळखीने अनिल सरांनी त्याला दिवसभरासाठी ठरवला होता. वाळू संपली आणि डोंगर सुरू झाले. झाड नाही, गवत नाही, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा नुसता कातळ.

सातला सायकली काढल्या तेव्हा धुकं असं की माझाच पुढचा टायर मला दिसत नव्हता. पहिलं तळं दोन किलोमीटरवर. "लेक नंबर वन!" अनिल सर कुठून तरी ओरडले. मला तळं दिसलं नाही. बदकं ऐकू आली. सगळ्यांनी धुक्याचेच फोटो काढले.

मग एकदम ऊन पडलं आणि चढ लागला. आता सगळेच माझ्याभोवती घोटाळायला लागले. "दत्ताजी, पानी?" "दत्ताजी, गाडी में बैठिए ना थोडा." "दत्ताजी, आप आगे चलिए, आज आपका दिन है." इतकी माया एरवी कुणी दाखवत नाही. मी ओळखलं, दमलो असं तोंडातून काढून घ्यायचं आहे. प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "नॉट टायर्ड." चौथ्यांदा म्हणताना त्यातलं 'नॉट' बाहेर पडलंच नाही.

शेवटी उतरून सायकल ढकलू लागलो. रंजिताही उतरली. "सर, कोडमधला तो एस म्हणजे स्ट्रक्चरल की सर्व्हे?" मी म्हटलं, जुलैच्या आधीचा असेल तर सर्व्हे. चढावर, तोंडाला फेस आलेला असताना, मी तिला पूर्ण नियम सांगितला. दम नाही म्हणण्याची कुणाची छाती आहे?

आणि मग धरण आलं. दुसरं तळं. काळ्या डोंगरांच्या मधोमध हिरवंगार पाणी, त्यात होड्या, वर कोवळं ऊन. माझं परीक्षेवरचं लक्षच उडालं. कठड्याला धरून नुसता उभा राहिलो. सत्तावीस वर्षं मी या देशात कागदांवर शिक्के मारत बसलो, आणि इथे दीड तासावर हे होतं. मृणालिनीला आणायला हवं होतं. ती इथे तासभर बसली असती आणि एकदाही घड्याळ बघितलं नसतं.

अनिल सर शेजारी येऊन म्हणाले, "अच्छा लगा?" त्यांचे डोळे जरा ओले वाटले. वारा सुटला होता, धूळ गेली असेल.

वारा खरंच सुटला होता. पाच मिनिटांत ऊन गेलं, धूळ उठली, आभाळ पाटीसारखं काळं झालं. तिसऱ्या तळ्याकडे जाणारा रस्ता उताराचा. मी पहिला ब्रेक दाबला आणि सायकलने असा टाहो फोडला की खालच्या वाडीतली कुत्री उठली. टाहो मात्र नुसताच. वेग कमी होईना. दुसरा दाबला, तोही रडायला लागला. मी रंजिताला मागे टाकलं. मग अकाउंट्सच्या दोघांना. मग अनिल सरांना! माझ्या कानावर आलं, "लुक ॲट दत्ताजी! यल्ला, यल्ला!" लोक टाळ्या वाजवत होते. मला पाय टेकवायचे होते, पण पाय कुठे आहेत तेच समजेना. वळणावर खजुराच्या झावळ्यांचं कुंपण होतं, ते मोडून मी आत गेलो. आत तीन शेळ्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

कोपर सोलवटलं, बाकी धडधाकट. हमदुल्ला पिकअपमधून धावत आला, आधी मला उभं केलं, मग सायकलकडे वाकला आणि दचकला.

"चाचा, डिस्क पे ये लाल क्या है? खून?"

"नहीं. कुंकू."

त्याने बोट लावून वास घेतला. "और ये?"

"खोबरेल तेल. कोकोनट ऑइल. पूजा किया ना."

"ब्रेक को तेल लगाया?" तो मटकन खाली बसला. "तौबा, तौबा. चाचा, आपको ऊपरवाले ने ही बचाया है."

पूजा त्यासाठीच तर केली होती. माझं मत अजूनही असं आहे की ओल्या हवेचाही त्यात थोडा दोष असावा.

मग पाऊस आला. साधा नाही, बादल्यांनी. त्यात गारा, हेल्मेटवर ताशा वाजवल्यासारख्या. बाराही जणांच्या फोनवर एकदम सरकारी इशाऱ्याचा भोंगा वाजला. आम्ही सायकली ढकलत तिसऱ्या तळ्याकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो. समोर कोरड्या डोंगरांवरून जिकडेतिकडे पाण्याच्या धारा सुटल्या होत्या. खालची वादी, म्हणजे इथली कोरडी नदी, सकाळी नुसते गोटे होते तिथे, तांबडं पाणी घेऊन रस्त्यावरून वाहायला लागली. पोलिसांनी रस्ता बंद केला. इतकं सुंदर आणि इतकं थंड मी इथे कधी काही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, पास झालो. सगळ्यांच्या आधी उतरलो, शेळ्यांपर्यंत तरी.

तेवढ्यात अनिल सरांनी पिकअपमधून एक खोकं आणलं. सगळे अर्धवर्तुळात उभे राहिले. खोक्यातून लाकडी स्मृतिचिन्ह निघालं. त्यावर माझं नाव, अचूक स्पेलिंगमध्ये. खाली '१९९८–२०२६'.

"दत्ताजी," ते म्हणाले, "आपने बोला था लेक्स देखना रह गया. तो गरमी से पहले, जाने से पहले, हम सबने सोचा..." आणि ते स्मृतिचिन्ह माझ्या हातात ठेवलं.

निकाल इतक्या लवकर? मी विचारलं, "सर, मैं ब्रेक की वजह से फेल हुआ क्या?"

"फेल? किस में?"

"एक्स्टेन्शन में."

अनिल सर म्हणाले, "दत्ताजी, एक्स्टेन्शन तो आपने रिफ्यूज किया. दो बार." फोन काढून त्यांनी मला एक फोटो दाखवला. पर्सोनेलचं पत्र. त्यावर लाल शिक्का, रिजेक्टेड. माझी सही. आणि खाली माझ्या सुंदर अक्षरात, प्लीज डू नॉट सेंड अगेन.

"इतना गुस्सा देखकर मेरी हिम्मत नहीं हुई पूछने की," ते म्हणाले. "मुझे लगा आप घर जाना चाहते हैं."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी कागदाचा मजकूर वाचला. 'शिफारशीनुसार आपली सेवा एक वर्षाने वाढवण्यात येत आहे.' आठ डिसेंबरपासून मी ज्याची वाट बघत होतो ते आठ डिसेंबरलाच माझ्या टेबलावर आलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इथे तर मी काखेतला कळसा शिक्का मारून परत पाठवला होता.

मी सगळं सांगितलं. नंबराचं, मजकूर न वाचण्याचं, परीक्षेचं. आधी अनिल सर हसले, मग सगळे हसले, हमदुल्ला तर भिंतीला टेकला. रंजिता हसली नाही. तिने माझे दोन्ही हात धरले. "सर, प्लीज जाऊ नका हो. मला त्या सिस्टिममधलं काहीच समजलेलं नाही. पंधरा दिवस मी नुसती मान हलवत होते."

मग अनिल सरांचं हसू थांबलं. नोटीसचा काळ सुरू झालेला आहे, माझ्या जागी रंजिताच्या बदलीवर सही झालेली आहे, आणि निवृत्तांची यादी सोमवारी सकाळी वर जायची आहे. "ट्राय करता हूँ. इन्शाल्ला." त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. पावसात रेंज गेली होती. वादी उतरेपर्यंत अडीच तास आम्ही तिथे बसून होतो. तिसरं तळं समोर हळूहळू तांबडं होत गेलं आणि मी त्याच्याकडे बघत होतो, पण खरं म्हणजे काहीच दिसत नव्हतं.

मृणालिनीला घरी येऊन सांगितलं. ती हसता हसता खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आणि सोमवारी नाही म्हणाले तर?" माझ्या मुलीचं वर्ष मी स्वतःच्या हाताने, सही करून परत पाठवलं आहे. दुसऱ्या कुणावर चिडायचीही सोय नाही.

सोमवार, १९ जानेवारी

आठ वाजता अनिल सर पर्सोनेलमध्ये शिरले. मी दाराबाहेर पाण्याच्या मशीनशी उभा राहून सात ग्लास पाणी प्यायलो. आठ पन्नासला ते बाहेर आले. हातात कागद.

"खलास, हो गया. लेकिन दत्ताजी, पहले नंबर दीजिए."

मी नंबर दिला. मग बसून पूर्ण वाचलं, दोनदा. ९ एप्रिल २०२७ पर्यंत. सही केली. रंजिता आनंदाने तिची वही मला परत द्यायला आली. मी ती चाळली. खरंच काही समजलेलं नव्हतं.

घरी आलो आणि दारातच मृणालिनीला सांगितलं. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि ती तशीच धरून उभी राहिली. मी अस्मिताला हाक मारली. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. "अस्मिता, मला ना, ऑफिसमध्ये..."

"मुदतवाढ?" ती म्हणाली. स्वच्छ, शुद्ध. "बाबा, यू गॉट इट?"

"तुला कसं माहीत?"

"आय गूगल्ड इट. इन डिसेंबर. सेवानिवृत्ती आल्सो."

मी हो म्हटलं आणि ती रडायलाच लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडून. मृणालिनीने तिला जवळ घेतलं. "अगं, मग आम्हाला बोलायचं नाही का?"

"यू गाइज वेअर नॉट टेलिंग मी, सो आय वॉज नॉट टेलिंग यू. बाबा वॉज सो हॅपी विथ हिज सायकल."

मग ती आत गेली आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकातून एक मोठं, घडीचं कार्ड घेऊन आली. वर विमान काढलेलं. आत सगळ्या वर्गाच्या सह्या, सव्वीस मुलं आणि तीन टीचर. 'वुई विल मिस यू, अस्मिता.' शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यांनी तिला निरोप दिला होता, केक कापून. पुढे परीक्षा सुरू होतात, सगळे एकत्र भेटणार नाहीत म्हणून. शुक्रवारी मी तीन वेळा टायरची हवा तपासली होती. त्याच दिवशी माझ्या मुलीने एकटीने सगळ्या वर्गाचा निरोप घेतला आणि घरी येऊन दार लावून बसली. मला लाज वाटली आणि रडू आलं, दोन्ही एकदम.

"आय सेड बाय टू एव्हरीवन," ती नाक पुसत म्हणाली. "आता उद्या जाऊन सांगायचं, हाय, आय ॲम नॉट गोइंग. सो एम्बॅरसिंग!" आणि हसायला लागली.

मी सगळ्या सह्या वाचल्या. एकूण एक. मग विचारलं, "हे आता परत करायचं का त्यांना?"

"नो, बाबा." तिने कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं आणि नीट घडी केली. "ठेवते मी. नेक्स्ट इयर लागेलच ना."

मी हो म्हणालो. तिने ते पुन्हा पुस्तकात ठेवलं, आणि मृणालिनीने पानं वाढायला घेतली.